दगडावरची मोकळी जागा

मी अमेरिकेला जाऊन आलो, पण नायगारा पाहिला नाही. न्यूयॉर्कला विमान बदललं, तेवढंच न्यूयॉर्क. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण परत आल्यापासून सांगलीत भेटणारा प्रत्येक जण पहिली चौकशी धबधब्याची करतो. मी गेलो होतो ते माझ्या दाजींना परत आणायला.

दाजी म्हणजे डॉ. वसंत देवकर, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मिरजेला डॉक्टर होऊन ते अमेरिकेत गेले, शिकागोत काही वर्षं काढली आणि मग इलिनॉय राज्याच्या दक्षिणेला न्यू हेझलबी नावाच्या खेड्यात एकुलते एक डॉक्टर म्हणून स्थायिक झाले. शालनताई सतत त्यांच्यासोबत होती. दोन वर्षांपूर्वी ताई गेली. तिचं दहन तिकडेच झालं. दाजी अस्थी घेऊन आले आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर आम्ही त्या सोडल्या. मी तिथे हजर होतो. पुढच्या मजकुरासाठी ही नोंद लागेल.

त्याच वेळी दाजींनी ठरवलं की आता सांगलीत येऊन राहायचं. विश्रामबागेत घर बांधून झालं, नळ जोडले गेले, तुळस लागली. दाजी मात्र येईनात. दर पत्रात नवं कारण. शेवटी १९८५ च्या उन्हाळ्यात आईनं मला सांगितलं, "पेपरासाठी परक्या लोकांना प्रश्न विचारत फिरतोस. एकदा जाऊन आपल्या माणसाला विचार, येणार आहात की नाही. आणि हाताला धरून घेऊन ये." तिकीट दाजींनीच पाठवलं. ज्याला आणायचं त्यानेच आणणाऱ्याला बोलावून घेतलं, यावरून काम सोपं असेल असा मी अंदाज बांधला होता. तो चुकला.

शिकागोला दाजी विमानतळावर आले होते. जवळच नेपरव्हिलला त्यांच्या वर्गमित्राच्या घरी आम्ही रात्र काढली. मोठं घर, मागे हिरवळ, मुलं इंग्रजीत उत्तरं देणारी. घरच्या काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली होती. मी कशासाठी आलोय हे ऐकून त्या हसल्या. म्हणाल्या, "दर समरला ते जायचं फिक्स करतात आणि दर विंटरला कॅन्सल करतात. ते गाव त्यांना सोडणार नाही, बघा." दाजी खिचडीत दही कालवत राहिले.

शनिवार

न्यू हेझलबीला पोचेपर्यंत जमीन सपाट होत गेली. दोन्ही बाजूंना नुकताच उगवलेला मका, बोटभर उंचीचा, आणि मधूनमधून धान्याची उंच गोल कोठारं. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला डोंगराशिवाय क्षितिज पाहायची सवय नसते. कुठे थांबावं हे डोळ्यांना कळत नाही.

गाव तीन रस्त्यांचं आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या हेझलबी नावाच्या एका खेड्यातली काही कुटुंबं इथे आली आणि जे सोडून आलो तेच पुन्हा मांडावं अशा रीतीने त्यांनी गाव वसवलं. रस्त्यांची नावं तीच, चर्चचा आकार तोच, फक्त दगडाऐवजी पांढरं लाकूड. चर्चच्या तळघरात मूळ इंग्लिश गावाचा हाताने काढलेला नकाशा भिंतीवर आहे. त्यात विहीर, लोहाराचं दुकान आणि कोणा एकाचं डुकरांचं कुंपणसुद्धा दाखवलेलं आहे. आज गावात असलेल्यांपैकी एकानेही ते गाव पाहिलेलं नाही. तरी "खालच्या विहिरीपाशी" असं बोलताना ते कुठल्या विहिरीबद्दल बोलतात हे ऐकणाऱ्याला बराच वेळ कळत नाही.

ही सगळी माहिती मला डोरोथीबाईंनी दिली. सत्तरी ओलांडलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, दाजींच्या शेजारी राहणाऱ्या. गावाचा इतिहास गोळा करणारं एक मंडळ आहे, ते त्या चालवतात. दाजी दवाखान्यात होते म्हणून मला गाव दाखवायचं काम त्यांनी घेतलं. दहा मिनिटांत गाव संपलं. मग त्या म्हणाल्या, आता गावातल्या बाकीच्या लोकांना भेटू, आणि मला चर्चच्या बाजूच्या स्मशानात घेऊन गेल्या.

आपल्याकडे स्मशान गावाबाहेर असतं आणि कारणाशिवाय तिकडे कोणी फिरकत नाही. इथे ते गावाच्या मधोमध आहे. त्यातून पायवाट जाते आणि लोक किराणा घेऊन त्या वाटेने घरी जातात. डोरोथीबाई एकेका दगडापाशी थांबून ओळख करून देत होत्या. हा पहिला शाळामास्तर. हिला चौदा मुलं. हा विहिरीत पडला. मग एका करड्या दगडापाशी थांबून त्यांनी हातातली पिशवी त्याच्यावर ठेवली आणि बुटात गेलेला खडा काढू लागल्या.

दगडावर दोन नावं होती. डावीकडे एका पुरुषाचं, त्याच्या जन्माचं आणि मृत्यूचं साल. उजवीकडे नाव होतं डोरोथी. जन्मसाल, आडवी रेघ आणि पुढे फक्त १९.

मी विचारलं, ही डोरोथी कोण?

"मी," त्या म्हणाल्या. "नवऱ्याचा दगड करतानाच माझंही करून घेतलं. दोघांचं एकत्र स्वस्त पडतं."

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं असेल ते असो, त्यांना त्याची मौज वाटली. इथे सगळे असंच करतात असं त्यांनी सांगितलं. गैरसोय एकच. कोरणाऱ्याने १९ आधीच कोरून ठेवलंय, त्यामुळे त्यांना शतक संपायच्या आत जायला हवं, नाहीतर दगडाला ठिगळ लावावं लागेल आणि ते वाईट दिसतं.

आपल्याकडे एखाद्याच्या मरणाची खोटी बातमी छापली गेली तर त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात. तशी एक चूक आमच्याकडून एकदा झाली होती. तो गृहस्थ पेढे घेऊन कचेरीत आला होता, पण त्याची बायको महिनाभर आम्हाला शिव्या देत होती. इथे बाई स्वतःच्या दगडाला टेकून बुटाची नाडी बांधत होत्या.

निघताना त्यांनी आणखी एक दगड दाखवला, फार जुना, एका बाजूला कललेला. त्यावर बायकोची दोन्ही सालं होती. नवऱ्याचं, टॉमसचं, एकच. पुढे मोकळी जागा. पहिल्या तुकडीत आलेला माणूस. बायको इथे वारली आणि तो इंग्लंडला परत गेला. पुढे त्याचं काय झालं, असं मी विचारलं. काही कळलं नाही, असं उत्तर मिळालं. बाजारात गेलेल्या माणसाला उशीर झाल्यावर बोलावं तसा आवाज होता. त्या दगडाभोवतीचं गवत इतरांसारखंच नीट कापलेलं होतं.

घरी आल्यावर मी अंघोळीला निघालो. दाजी जेवायला आले होते, ते म्हणाले, "पाव्हणं, मसणातून आल्यावर अंघोळ करायची म्हटलं तर इथं दिवसातनं चार वेळा करावी लागंल. मी तर पोस्टात त्याच वाटेनं जातो." मी तरीही केली.

जेवताना मी आईचा प्रश्न विचारला. दाजींनी सरळ उत्तर दिलं. शेजारच्या मोठ्या गावात नवं क्लिनिक झालं आहे, तिथले डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस इथे यायला तयार आहेत, ते गुपचूप ठरवून झालं आहे. ऑगस्टमध्ये निघायचं. एकच राहिलं होतं. गावाला अजून सांगितलेलं नव्हतं.

"उद्या सांगतो," ते म्हणाले. "उद्या आठवणींचा दिवस. सगळे एका जागी असतात."

रविवार

मे महिन्याचा शेवटचा सोमवार हा अमेरिकेत मृतांच्या स्मरणाचा दिवस. न्यू हेझलबीत त्याच्या आदल्या दिवशी, प्रार्थना संपल्यावर, चर्चच्या तळघरात सगळं गाव जमतं. बाहेरगावी गेलेली मुलंनातवंडंही येतात. जेवण होतं आणि मग एकेक जण उभा राहून एक आठवण सांगतो.

जेवण प्रत्येक घरून येतं. लांब टेबलांवर भांडी मांडलेली होती: कोंबडी घातलेल्या शेवया, पिवळं वाटून परत भरलेली अंडी, आणि हिरव्या रंगाची एक थरथरती जेली, जिच्यात किसलेलं गाजर आणि कोबी अडकलेले होते. ती गोड होती. गोड जेलीत कोबी का, याचं उत्तर मला मिळालं नाही. कोबीशिवाय ते सॅलड कसं होईल, असं उलट मलाच विचारलं गेलं. टेबलाच्या टोकाला बटाट्याची भाजी होती. हळद, मोहरी, थोडा मसाला. मी ती ओळखली. आमच्या आईची भाजी. केली होती एका सोनेरी केसांच्या शेतकरणीने. गावात तिला "शॅलीचे बटाटे" म्हणतात आणि ते सात-आठ घरांत होतात. शॅली म्हणजे शालनताई.

जेवणानंतर भांडी धुतली गेली तेव्हा एक गोष्ट दिसली. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर मालकिणीचं नाव. भांडं कोणाचं ते पट्टी पाहून कळतं आणि ते ज्याच्या त्याच्या घरी जातं. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरून घेतात, तसंच. मी तेव्हा एवढाच विचार केला.

आठवणी सांगायला एक नियम होता. स्वतः पाहिलेलं सांगायचं, किंवा ज्याने पाहिलं त्याच्याकडून ऐकलेलं. "लोक म्हणतात" असं कोणी म्हटलं की डोरोथीबाई लाकडी डाव टेबलावर आपटत आणि विचारत, कोण म्हणतं? माझ्या संपादकांना मी या खोलीत आणायला हवं होतं. एका टेपरेकॉर्डरवर सगळं नोंदलं जात होतं.

वॉल्ट नावाचा एक धिप्पाड शेतकरी उठला. हिमवादळात त्याची बायको अडली होती, रस्ते बंद होते, तेव्हा तो डॉकना, म्हणजे दाजींना, ट्रॅक्टरवर घेऊन आला होता. डॉक पोचले तेव्हा त्यांच्या भुवयांवर बर्फ होता आणि ते कोणत्या तरी भाषेत सारखं काहीतरी पुटपुटत होते. वॉल्टला वाटलं, मंत्र असावेत. दाजी माझ्याकडे वाकून म्हणाले, "शिव्या होत्या."

पुष्कळशा आठवणी ताईच्या निघाल्या. ती पहिल्यांदा कोणाच्या घरी गेली तेव्हा तिने दारात बूट काढले. तिला नुसत्या मोज्यांत पाहून घरातल्यांना लाज वाटली आणि त्यांनीही बूट काढले. आता गावातल्या निम्म्या घरांत बूट दारात निघतात. कोणी डबा दिला तर ती तो कधी रिकामा परत करत नसे, त्यामुळे डबे वर्षानुवर्षं फिरत राहिले. डोरोथीबाईंनी सांगितलं की त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणात शॅली रोज सकाळी येऊन स्वयंपाकघरात बसायची. बोलायची नाही. फक्त बसायची.

माझी बहीण माझ्यापेक्षा या लोकांना अधिक वर्षं ठाऊक होती, हे त्या खोलीत मला पहिल्यांदा कळलं.

मग कोणीतरी म्हणालं, डॉक, तुमची पाळी. दाजी उभे राहिले. मी पेला खाली ठेवला. ते म्हणाले की ते दोघे इथे आले तो जानेवारी होता आणि शॅलीच्या पायात कोल्हापुरी चपला होत्या. घराचं कुलूप गारठून बसलं होतं, उघडेना. शेजारच्या बाई बाहेर आल्या, परत आत गेल्या आणि लोकरीचे मोजे घेऊन आल्या. ते मोजे अजून घरात आहेत. एवढं बोलून दाजी थांबले. खोली वाट पाहत होती. ते खाली बसले आणि ताटलीत उरलेली हिरवी जेली खाऊ लागले. ती त्यांना आवडत नाही.

घरी जाताना त्यांनी स्वतःहूनच सांगितलं, "उद्या."

सोमवार

सकाळी स्मशानात सगळं गाव. सैनिकांच्या थडग्यांवर छोटे झेंडे, बाकीच्यांवर अंगणातली मोठी गुलाबी फुलं, मुठीएवढी, देठासकट. एका म्हाताऱ्याने बिगुल वाजवलं. इथवर मला अपेक्षित होतं. मग लोकांनी गाड्यांमधून चादरी काढल्या, थडग्यांमधल्या गवतावर अंथरल्या आणि जेवायला बसले. मुलं दगडांवर चढून बसली. एका बाईने सासऱ्याच्या दगडावर मोहरीच्या चटणीची बाटली ठेवली, कारण ती जमिनीवर कलंडत होती. मी हातात सँडविच घेऊन उभा होतो. आमच्या घरात सुतकात साखरसुद्धा तोंडात टाकत नाहीत.

डोरोथीबाईंनी डावाने एका ताटलीवर आवाज केला आणि सगळे उठले. दाजींना आणि मला मॅपलच्या झाडाखाली नेलं. तिथे चादरीने झाकलेलं काहीतरी होतं. वॉल्टने चादर ओढली.

करड्या ग्रॅनाइटचा नवा दगड. मी जे वाचलं ते क्रमाने देतो. वर इंग्रजीत देवकर. डावीकडे शालिनी, म्हणजे आमची ताई, जन्माचं साल, मृत्यूचं साल. उजवीकडे वसंत, जन्माचं साल, आडवी रेघ, १९, आणि त्यापुढे दोन आकडे मावतील एवढी गुळगुळीत जागा.

जिच्या अस्थी मी स्वतःच्या हाताने पाण्यात सोडल्या तिच्या नावाचा दगड, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, श्वास घेणाऱ्या माणसाचा त्याच दगडात अर्धा वाटा. अपघात, पूर, दंगल, मी बरंच पाहून लिहिलं आहे. तेव्हा हाताला कागद-पेन्सिल सापडत असे. इथे सँडविच होतं, तेच घट्ट धरून मी उभा राहिलो.

डोरोथीबाई बोलत होत्या. डॉक आणि शॅली इथे जन्मले नाहीत, पण इथे जन्मलेल्यांपैकी निम्म्यांना डॉकनीच जगात आणलं. गावाने विचार केला की त्यांना काय द्यावं. गावाकडे देण्यासारखं दुसरं काही नाही, ही जागा आहे. जन्मसालं त्यांच्या मुलीनं, नीतानं, पश्चिम किनाऱ्यावरच्या सनीव्हेलहून फोनवर सांगितली. नीता याच गावात वाढली, आता तिकडे इंजिनियर आहे. तिला ही कल्पना आवडली होती.

"आणि शॅलीचं नाव तिच्या स्वतःच्या अक्षरात आहे," असं म्हणून त्यांनी दगडाच्या पायथ्याशी बोट दाखवलं.

तिथे देवनागरी होती. ताईचंच वळण, तिरकं, शिरोरेघ तुटक. कोरणाऱ्याने एक रेघ सोडली नव्हती. मी वाचलं. मग पुन्हा वाचलं.

*कांदा-लसूण. डोरोथीचा.*

डोरोथीबाई अभिमानाने सांगत होत्या की शॅलीने दिलेली एक मसाल्याची बरणी त्यांनी जपून ठेवली होती आणि तिच्या बुडाशी पट्टीवर शॅलीने नाव लिहिलेलं होतं. त्याचा फोटो काढून कोरणाऱ्याला दिला. नीतालाही एक पाठवला. तिने अक्षर आईचंच आहे असं कळवलं. नीताला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.

भांड्याच्या बुडाशी नाव असतं. त्या गावात दुसरं काही असूच शकत नाही. स्वतः पाहिल्याशिवाय काही न सांगणाऱ्या बाईंनी हे एवढंच तपासलं नव्हतं, कारण त्यात तपासण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. शालनताई मात्र दोन बरण्या करत असे, एक घरची जाळ, एक शेजारणीला झेपेल अशी. अदलाबदल होऊ नये म्हणून खाली लिहून ठेवत असे.

दाजी ओठ घट्ट मिटून उभे होते. मला वाटलं, ते रडतायत. त्यांनी माझ्याकडे न बघता मराठीत विचारलं, "वाचलं का?"

"वाचलं."

"तोंडातनं अक्षर काढायचं नाही."

मग त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, प्रत्येकाचा हात हातात घेतला, आणि आम्ही त्या नव्या दगडाशेजारी चादरीवर जेवायला बसलो. शॅलीचे बटाटे तिथेही होते.

वॉल्टने विचारलं, डॉक, तुमच्या आईवडिलांचे दगड कसे आहेत, असेच की मोठे? दाजी म्हणाले, दगड नाहीत. आमच्याकडे माणूस गेला की जाळतात आणि राख नदीत सोडतात. शॅलीलाही तिथेच सोडलंय.

"आणि मग भेटायला कुठे जाता?" वॉल्टने विचारलं.

दाजींनी सांगितलं की कुठे जात नाही. वर्षातून एकदा कावळ्याला जेवू घालतो. आसपासचं खाणं थांबलं. वॉल्टची बायको हळूच म्हणाली, म्हणजे काहीच ठेवत नाही? तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. शनिवारी, डोरोथीबाईंच्या दगडापुढे, तेच माझ्या चेहऱ्यावर असणार.

तेव्हाच दाजींनी सांगून टाकलं. आवाज दवाखान्यातला होता, रोग्याला निदान सांगताना असतो तसा. ऑगस्टमध्ये मी परत जातोय. कायमचा. नवे डॉक्टर येतील, व्यवस्था केली आहे. हे मी काल सांगायला हवं होतं. दगड करण्याआधी सांगायला हवं होतं. मला माफ करा.

एका मुलाला दगडावरून खाली उतरवण्यात आलं. वॉल्टने हातातली ताटली गवतावर ठेवली आणि आपल्या बुटांकडे पाहत राहिला. नवा दगड सगळ्यांच्या मधे उभा होता आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

"टॉमसही परत गेला होता," डोरोथीबाई म्हणाल्या. "त्याच्याही जागेवरचं गवत आम्ही कापतो."

वॉल्टने मान हलवली. म्हणाला, दगड काही परत घेत नाहीत, डॉक, आणि त्याने बटाट्याचं भांडं दाजींपुढे सरकवलं. जेवण पुन्हा सुरू झालं.

दुपारी लोक पांगले. आम्ही तिघंच राहिलो. दाजी वाकून दगडाच्या पायथ्याशी बसले, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "डोरोथी, हे शॅलीचं नाव नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. सकाळी त्यांनीच मला गप्प बसायला सांगितलं होतं. त्यांनी डोरोथीबाईंना एकेक शब्द दाखवला. हा कांदा. हा लसूण. आणि हे शेवटचं तुमचं नाव. ती तुमच्यासाठी कमी तिखटाचा वेगळा मसाला करायची, त्याची ही खूण.

बाईंनी दगडावर हात टेकला. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला की दाजींनी सवयीने त्यांची नाडी धरली. मी दुरुस्त करून घेईन, त्या म्हणाल्या. घासून काढता येतं. नवा करता येतो. त्या हे तीनदा म्हणाल्या.

दाजी म्हणाले, अजिबात नको. ती इथे काय करायची, ते बरोबर लिहिलंय.

डोरोथीबाईंनी डोळे पुसले. "म्हणजे माझं नाव आता दोन दगडांवर आहे," त्या म्हणाल्या. "गावात कोणाचंच नाही तसं."

फाटकापाशी त्यांनी मला थांबवलं. दाजी पुढे गेले होते. त्या म्हणाल्या, टॉमसला तिकडे कोणी नव्हतं असं नाही. भाऊ होता. पण त्याच्या माणसांनी कधी कळवलंच नाही, म्हणून ती जागा तशीच राहिली. आम्हाला आजही माहीत नाही. तुम्ही वर्तमानपत्रात आहात. खात्री झाल्याशिवाय काही लिहीत नाही ना तुम्ही?

मी नाही म्हणालो.

"मग वेळ येईल तेव्हा तुम्ही कळवाल? फक्त साल कळवलंत तरी चालेल."

माझ्या आयुष्यात मला बातमीसाठी पुष्कळांनी गळ घातली आहे, छापायला आणि न छापायला. अशी कोणी घातली नव्हती. दाजी वाटेवरून जाताना दिसत होते, एका हातात बटाट्याचं रिकामं भांडं. मी हो म्हणालो.

दाजी ठरल्याप्रमाणे ऑगस्टमध्ये आले. सामानात लोकरीचे मोजे होते आणि ती बरणी होती. डोरोथीबाईंनी ती परत दिली, रिकामी नाही, आंबटगोड मुरंब्याने भरून. मुरंबा संपला. आईनं बरणी धुतली, पण दाजींनी पट्टी काढू दिली नाही. आता तिच्यात कांदा-लसूण मसाला असतो आणि घरात कोणी काय वाढू असं विचारलं की दाजी म्हणतात, डोरोथीचा.

दगडाबद्दल आईला अजून सांगितलेलं नाही. मी डोरोथीबाईंना काय कबूल केलं ते दाजींना सांगितलं. कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी फिरताना सांगितलं, आणि सांगितल्यावर वाटलं की सांगायला नको होतं.

"पाव्हणं," मग ते म्हणाले, "तिथं एकोणीस कोरून ठेवलंय त्यांनी. दोन हजार साल उजाडू दे, मग बघू वॉल्ट कसं ठिगळ लावतोय ते."

आणि त्यांनी चालण्याचा वेग वाढवला.